खानदेशातलं स्वतंत्र नाचगाणं: मोकळं कोणापासून?

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि त्या मतदारसंघातलं एक नंबरचं मतदान केंद्र आहे मणिबेली. नर्मदेकाठचं हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली राज्यात सगळ्यांत आधी गेलं. निवडणुकीच्या पथकाला तिथे जायला बोट लागते. मराठी गाण्याचे आढावे मात्र उलट्या टोकाने लिहिले जातात. मुंबईच्या स्टुडिओत त्यांची सुरुवात होते, पुण्यात ते रेंगाळतात, कोल्हापूरला हात लावून परत फिरतात. तापीच्या खोऱ्यात आणि त्याच्या पलीकडे काही वाजतं याची त्यांना खबरच नसते. गेल्या दहा वर्षांत हे दुर्लक्ष अंगाशी आलं आहे, कारण मराठीतलं बरंचसं गाजलेलं नाचगाणं खानदेशातून आलं आणि ते कोणत्याही बड्या कंपनीच्या पाठबळाशिवाय आलं. जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा संजू राठोड हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. त्याच्या मागे अहिराणी, म्हणजे खानदेशच्या बोलीतल्या, गाण्यांची चॅनलं आहेत आणि त्यांच्याही मागे, सातपुड्याच्या डोंगरात, टिमली आणि रोडाली या आदिवासी नाचगाण्यांच्या हजारो चित्रफिती. या सगळ्याला आपण सरसकट ‘स्वतंत्र’ म्हणतो. माझं म्हणणं असं की हे गाणं कंपनीपासून खरंच मोकळं झालं, पण त्याच वेळी ते नाचणाऱ्याच्या पायांना बांधलं गेलं. त्याचं यश आणि त्याच्या मर्यादा दोन्ही या एका गाठीतून समजतात. आणि ही गाठ तपासायची तर नजर जळगावावरच थांबवून चालत नाही, ती पार मणिबेलीपर्यंत न्यावी लागते.

आधी राठोडचं ध्वनिमुद्रित काम पाहू. त्यात अल्बम असा जवळजवळ नाहीच. आहेत ती सुटी गाणी, एकेक करून स्वतःच्या चॅनलवर आलेली. ‘बाप्पावाला गाना’, ‘नऊवारी’, मग फेब्रुवारी 2024 मध्ये ‘गुलाबी साडी’, त्यानंतर ‘काली बिंदी’, एप्रिल 2025 मध्ये ‘शेकी’. शब्द, चाल आणि आवाज बहुतेक वेळा त्याचाच, संगीत-संयोजन जी-स्पार्क या नावाने काम करणाऱ्या त्याच्या भावाचं. म्हणजे गीतकार, संगीतकार, गायक, संयोजक आणि निर्माता ही पाच कामं एकाच घरात होतात. चित्रपटसंगीताच्या परंपरेत ही पाच माणसं पाच ठिकाणची असत आणि त्यांच्या डोक्यावर सहावा, कंपनीचा माणूस बसलेला असे. ‘गुलाबी साडी’ने यूट्यूबवर दहा कोटींचा टप्पा केव्हाच ओलांडला. मराठी न समजणारी माणसंही त्यावर नाचली. पण आकडा हा या कामाचा सगळ्यांत कमी रोचक भाग आहे. आकड्याने एवढंच कळतं की गाणं पोचलं. ते कशामुळे पोचलं, हे गाण्याच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही.

‘गुलाबी साडी’ चार मिनिटांच्या आत संपतं. त्यातली मागणी साधी आहे: मी नटले आहे, माझा फोटो काढ. ओळी बाईच्या तोंडच्या आहेत आणि गळा पुरुषाचा. तमाशा आणि सोंगी भजन पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही. पुरुषाने बाईचा शब्द बोलणं ही आपल्याकडची जुनी रीत. नवी आहे ती मागणी. लावणीतली नायिका शालू मागायची, दागिना मागायची, क्वचित रुसून बसायची. ही फोटो मागते. म्हणजे गाण्याच्या आतच कॅमेरा आहे, आणि तो ऐकणाऱ्याच्या हातातही आहे. गाणं लावायचं, गुलाबी साडी नेसायची, मोबाइल समोर धरायचा, की गाण्यातला प्रसंग जसाच्या तसा घडतो. आता शीर्षकं शेजारी-शेजारी ठेवा: नऊवारी, गुलाबी साडी, काली बिंदी. अहिराणीत गाजलेलं ‘हाई झुमका वाली पोर’ही याच रांगेतलं. प्रत्येक गाण्याच्या नावात अंगावर घालायची एक वस्तू आहे आणि ती घराघरात सापडते. याला निव्वळ योगायोग म्हणणं भाबडेपणाचं होईल. भारतात टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणलं, आणि तेव्हापासून गाण्याचा पहिला श्रोता बसून ऐकणारा उरला नाही. तो गाणं अंगावर चढवून दाखवणारा झाला. राठोडने हे इतर कोणाहीपेक्षा नेमकं ओळखलं. शृंगारातल्या वस्तूवर गाणं बांधायची लावणीची युक्ती त्याने उचलली आणि नव्या प्रेक्षकाला लागू केली. यात कसब आहे आणि त्याला कसबच म्हटलं पाहिजे.

हे कसब आकाशातून पडलेलं नाही. ध्वनिमुद्रणाची किल्ली कोणाच्या हातात आहे यावर कोणतं गाणं जगात येतं हे ठरतं, आणि ती किल्ली आपल्याकडे याआधीही एकदा हलली आहे. ग्रामोफोनच्या काळात ती एचएमव्हीकडे होती. कॅसेट आली, गुलशन कुमारांच्या टी-सीरीजसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाचं ‘कॅसेट कल्चर’ हे 1993 चं पुस्तक उत्तर भारतातल्या याच उलथापालथीवर आहे. स्वस्त यंत्रामुळे लहान गावांतली, लहान बोलींतली, सभ्य घरांत न चालणारी गाणी बाजारात कशी आली, हे त्याने तपशिलाने मांडलं. मराठीत त्या लाटेने प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरात नेला, आनंद शिंद्यांचं ‘नवीन पोपट हा’ गाजवलं, कोळीगीतांना आणि भीमगीतांना पेठ मिळवून दिली. पण कॅसेटवाल्यालाही हजारांत प्रती काढाव्या लागत, दुकानदाराला उधारी द्यावी लागे, म्हणून त्याची बोली ठरलेली असे: सगळ्या महाराष्ट्राला समजेल ती मराठी. खानदेशाच्या वाट्याला त्या काळात ध्वनिमुद्रण आलं ते थोडं आणि उशिरा. त्याच्याही आधीची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं; मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, आचार्य अत्र्यांच्या नजरेला ती पडली, आणि 1952 मध्ये, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं. मराठीतल्या एका थोर कवयित्रीचं काम आपल्यापर्यंत पोचायला एवढे मध्यस्थ आणि एवढं नशीब लागलं. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते त्यांच्या ओव्यांचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला, आणि किल्ली दुसऱ्यांदा हलली. त्याचा पहिला ठळक लाभ अहिराणीला झाला. सचिन कुमावत यांच्या चॅनलवरचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ हे गाणं अहिराणीचा गंधही नसलेल्या लोकांच्या तोंडी बसलं. 2022 मध्ये विनोद कुमावत यांचं ‘हाई झुमका वाली पोर’ आलं आणि कोकणातल्या हळदीतही वाजलं. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) ही मातृभाषा सांगणारे सुमारे 18.6 लाख लोक होते. एवढ्या लोकांच्या बोलीत चित्रपट काढायला निर्माता दहादा विचार करतो. गाण्याला तो विचार करावा लागत नाही, कारण एका गाण्याचा खर्च खिशातला असतो आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे अशी अट नसते. ठेका धरता आला की काम भागतं. भाषेची अडचण नाचाने परस्पर सोडवली. अहिराणी साहित्य संमेलनांनी अनेक वर्षं ठराव करून जे साधलं नाही, म्हणजे पुण्यातल्या पोराने अहिराणी वाक्य हसत-हसत म्हणावं, ते या गाण्यांनी साधलं. संमेलनवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण ते खरं आहे.

आता घाट चढू. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात नाच हा करमणुकीचा विभाग नाही, वर्षाच्या चक्राचा भाग आहे. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध. अंगावर नक्षी रंगवून, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू-भोपळे बांधून नाचणारे बुध्ये आणि बावे, त्यांच्यामागे पुरुषभर घेराचे ढोल, फुंकून वाजवायची पावरी, बासरी, आणि हा नाच रात्र संपेपर्यंत. हे संगीत ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं तर सुरुवात कुठून आणि शेवट कुठे, हाच प्रश्न पडतो, कारण ते ‘गाणं’ या आकारात बसतच नाही. लग्नातलं संगीत मात्र बसलं. गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र जिथे मिळतात त्या सगळ्या भिल्ल पट्ट्यात आज टिमली वाजते: न थांबणारा वेगवान ठेका, ऑक्टोपॅडची ठोक, वर कीबोर्डवर वाजणारा सनईसारखा सूर, आणि हातात हात गुंफून ओळीने सरकणारे लोक. नवापूर-अक्कलकुवा बाजूला रोडाली आणि सोंगाड्या पार्ट्या आहेत, ज्यांत नाच, सोंग आणि गाणं एकत्र येतं. आज या सगळ्याच्या चित्रफिती यूट्यूबवर ढिगाने आहेत. 2011 च्या जनगणनेत भिली गटातल्या बोली सांगणारे 1 कोटीच्या वर होते, म्हणजे खानदेशी बोलणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त. तरी या बोलींना मोठं वर्तमानपत्र नाही, चित्रपटाचा धंदा नाही, आणि अनेक राज्यांत वाटल्या गेल्यामुळे कोणत्याच राजधानीला त्या आपल्या वाटत नाहीत. टिमलीच्या श्रोत्यांचा नकाशा काढला तर तो राज्यांच्या सीमा ओलांडून बरोब्बर याच पट्ट्यावर बसेल. दाहोदकडचं गाणं धडगावच्या मांडवात वाजतं, त्याला परवाना लागत नाही. राज्य पुनर्रचनेने तोडलेला मुलूख नाचगाण्याने पुन्हा जोडला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

मणिबेलीच्या बाबतीत ध्वनिमुद्रणाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि माझ्या मुद्द्याला खरं बळ तिथूनच मिळतं. 1990 च्या दशकात या गावाचं नाव जगभर झालं. सरदार सरोवर प्रकल्पाच्या तपासणीसाठी जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल 1992 मध्ये आला, पुढच्या वर्षी बँक प्रकल्पातून बाहेर पडली, आणि 1994 मध्ये 44 देशांतल्या 326 संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये म्हणून जो जाहीरनामा काढला, त्याचं नावच ‘मणिबेली जाहीरनामा’. त्याच काळात खोऱ्यात चित्रीकरण झालं. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ 1995 चा. त्याच काळात राहुल राम नावाचा तरुण धरणविरोधी आंदोलनात काम करत होता. तो दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडमध्ये बास वाजवायचा, आणि खोऱ्यात ऐकलेलं नर्मदेचं पारंपरिक गाणं ‘मा रेवा’ या नावाने बँडच्या ‘कंदिसा’ या 2000 सालच्या अल्बममध्ये आलं. ते उत्तम ध्वनिमुद्रण आहे आणि त्यातली आस्था बनावट नाही. इंडियन ओशन हाही कंपन्यांशी भांडत स्वतंत्र झालेलाच बँड; 2010 मध्ये त्यांनी ‘16/330 खजूर रोड’ची गाणी एकेक करून फुकट उतरवून घ्यायला ठेवली होती. पण या सगळ्या नोंदींत एक समान गोष्ट आहे. टिपणारा बाहेरचा होता. त्याच्या आवडीनिवडीनुसार खोऱ्याचा आवाज ठरला: नदीचा, संघर्षाचा, पारंपरिक. खोऱ्यातल्या माणसाला लग्नात कीबोर्डवर नाचायलाही आवडतं, ही बाजू त्या ध्वनिमुद्रणांत आली नाही. तशी ती येणारही नव्हती, कारण जगाला त्या वेळी मणिबेलीकडून शोकगीत हवं होतं. शहरी रसिकाला ‘मा रेवा’ अस्सल वाटतं आणि टिमली बिघडलेली वाटते. पण ‘मा रेवा’ची निवड आणि मांडणी दिल्लीच्या बँडने केली, टिमलीची निवड नाचणाऱ्याने केली. अस्सलपणाची कसोटी जर ‘कोणी ठरवलं’ ही असेल, तर निकाल उलटा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळं एकसारखं आहे, ऑटोट्यूनने गळे सपाट केले, शब्द पोकळ आहेत, बाई म्हणजे कंबर आणि कपडे एवढीच उरली. यातला एकसारखेपणाचा भाग मला पटत नाही. नाचाचं संगीत जगात सर्वत्र एकसारखंच असतं, कारण नाचणाऱ्याला पुढच्या मात्रेची खात्री लागते. काठीच्या होळीत तोच ठेका रात्रभर चालतो तेव्हा त्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही. ऑटोट्यूनही नुसतं दोष झाकायचं साधन राहिलेलं नाही. राठोडच्या गाण्यांत ते हार्मोनियमच्या पट्टीसारखं उघडपणे, रंग म्हणून वापरलेलं आहे. शब्दांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे, फक्त तिचं कारण कलाकाराच्या कुवतीत शोधू नये. मांडवात जे गाणं वाजतं त्यात सासू, दीर, शाळकरी पोरं, आजोबा सगळे नाचतात. तिथे दुःख चालत नाही, राजकारण चालत नाही, कर्ज चालत नाही. जळगावच्या केळीवर आणि कापसावर, स्थलांतरावर, गुजरातच्या ऊसतोडीवर याच तरुणांनी गाणी केली तरी ती मांडवात वाजणार नाहीत, आणि मांडवाबाहेर त्यांना पेठ नाही. कंपनीच्या काळात निर्माता ‘हे चालणार नाही’ म्हणायचा. आता ते कोणी म्हणत नाही; कलाकाराला ते आधीच ठाऊक असतं. मोकळेपणाचा हा तोटा कॅसेटच्या काळात इतका नव्हता. त्या काळी एकाच कंपनीच्या यादीत धांगडधिंगाही असे आणि भीमगीतही, आणि पहिल्याच्या कमाईवर दुसरं निघे. एकट्या कलाकाराला स्वतःच्या चॅनलवर असा समतोल परवडत नाही. एक गाणं पडलं की पुढच्याचे पैसे अडकतात.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्यावरच आहे. चॅनल यूट्यूबचं, वितरण ‘बिलीव्ह’सारख्या फ्रेंच कंपनीचं, मग स्वतंत्र ते काय? याचं उत्तर मालकी आणि वाट वेगळी केली की मिळतं. जुन्या करारात कलाकार एकरकमी पैसे घेऊन गाणं कायमचं विकत असे; ते गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्याला छदाम मिळत नसे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा राखून ठेवला, त्यामागे हाच कडवट अनुभव होता. राठोडसारखा कलाकार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण तिन्हींवर हक्क ठेवू शकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं चालतो. वितरकाला तो वाट भाड्याने घेतल्याचा मोबदला देतो. हा फरक लहान नाही. खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरले आहेत. ही सूट नेमकी कुठवर, यावर वाद चालू आहे: 2023 मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाने सुटीच्या बाजूने सूचना काढली, 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने गोवा सरकारचं त्याच आशयाचं परिपत्रक रद्द केलं. पण हॉटेलांतल्या लग्नांचा निकाल काहीही लागो, खेड्यातल्या वरातीत डीजेने वाजवलेल्या गाण्याचा पैसा कलाकाराला मिळत नाही आणि मिळावा असं कोणाला वाटतही नाही. म्हणजे ज्या ठिकाणासाठी गाणं बनतं, जिथे ते सर्वांत जास्त वाजतं, तिथून उत्पन्न शून्य. ते येतं रील्सच्या चढाओढीतून, जाहिरातींतून आणि मुख्यतः स्टेज-शोच्या बिदागीतून. मांडव गाण्याला जन्म देतो आणि बाजार त्याला पोसतो, आणि दोघांच्या आवडी सारख्या नाहीत.

याचा परिणाम राठोडच्या शीर्षकांतच दिसतो. ‘नऊवारी’ आणि ‘गुलाबी साडी’ ठेठ मराठी. ‘काली बिंदी’ हिंदीच्या उंबऱ्यावर. ‘शेकी’ हे नावच इंग्रजी, ठेक्याला जगभरच्या क्लबसंगीताचं वळण, आणि पडद्यावर हिंदी मालिकांतून प्रसिद्ध झालेली ईशा मालवीय. मराठी माणूस यावर दोन प्रकारे बोलतो: एक ‘आपला पोरगा देशभर गेला’ आणि दुसरा ‘गेला म्हणजे गेलाच’. मला दोन्ही उतावळे वाटतात. देशभरच्या श्रोत्यांसाठी गाणारा कलाकार भाषा पातळ करतो, हे पंजाबी पॉपमध्येही घडलं. तिथे पुढे जाणाऱ्याच्या मागे इतके कलाकार होते की एक पुढे गेला तरी जागा रिकामी राहिली नाही. खानदेशात ती रांग आहे का, हा प्रश्न. अहिराणीत आहे, असं ‘बबल्या’ आणि ‘झुमका’नंतरच्या गाण्यांच्या संख्येवरून तरी वाटतं. पावरी (वाद्य नव्हे, त्याच नावाची बोली), मावची, देहवाली या बोलींत गाणारे आहेत, पण त्यांच्यातून अजून कोणी राठोड झालेला नाही आणि तो न होण्याची कारणं कलेपेक्षा हिशेबातली आहेत. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की वर्षभरात 1,000 वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे नाहीत. मुंबईतल्या कलाकाराला हा आकडा मित्रमंडळींत पुरा करता येतो. नर्मदेकाठच्या पाड्यांवर, जिथे रेंज शोधायला टेकडी चढावी लागते, गाणं एकदा मेमरी कार्डावर उतरतं आणि मग ब्लूटूथने हातोहात फिरतं, शंभर लग्नांत वाजतं, आणि मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ते एकदाच वाजलेलं असतं. तिथल्या खऱ्या लोकप्रियतेचा कोणताही आकडा कुठेही नाही. आकड्यांवरून ‘आदिवासी गाण्याला श्रोता नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

तिसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो: कीबोर्ड आला आणि पावरी गेली, ढोल वाजवणारे म्हातारे झाले, मुलं स्पीकर भाड्याने आणतात. हे घडतं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पावरी वाजवायला दमसास लागतो, बनवायला दुधी भोपळा आणि हात लागतो. कीबोर्डवरचा सूर बटणावर मिळतो. मात्र या ऱ्हासाचं खापर ध्वनिमुद्रित नाचगाण्यावर फोडताना मणिबेलीसारख्या गावांचं काय झालं हे विसरलं जातं. ज्या गावाची माणसं धरणामुळे गुजरातमधल्या परवेट्यासारख्या वसाहतींत गेली, जिथलं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्यात गेलं, तिथे होळीचं चक्र कीबोर्डने मोडलं नाही. जागा गेली की जागेला बांधलेलं संगीत जातं. राहतं ते, जे खिशात घालून नेता येतं. टिमली खिशात मावते. उठवलेल्या, विखुरलेल्या, सुरतेच्या बाजूला मजुरीला गेलेल्या माणसांना लग्नात एकत्र नाचायला तिनेच सामायिक काहीतरी दिलं. पारंपरिक वाद्यांसाठी वेगळे प्रयत्न हवेतच, पण ते टिमलीशी भांडून होणार नाहीत.

एक उणीव मात्र या सगळ्या क्षेत्राला चिकटलेली आहे आणि तिला बाहेरचं कोणी जबाबदार नाही. नावं. राठोडच्या गाण्यांखाली गीत, संगीत, मिश्रण, कॅमेरा यांची नोंद नीट असते. त्याला व्यवसाय कळतो. अहिराणी गाण्यांखाली ती बऱ्याचदा असते. डोंगरातल्या चित्रफितींखाली मात्र चॅनलवाल्याचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत असतो, बँडचं नाव असतं, आणि गाणाऱ्या बाईचं, ढोल वाजवणाऱ्याचं, बोलीचं, गावाचं नाव नसतं. तीच टिमली चार चॅनलांवर चार नावांनी चढते. ज्याने आधी दावा लावला त्याला यूट्यूबची यंत्रणा मालक मानते आणि ज्याने खरोखर वाजवलं त्याचंच गाणं खाली उतरवलं जातं. नर्मदेच्या गाण्याला दिल्लीच्या अल्बमात ‘पारंपरिक’ हा एक शब्द मिळाला होता. इथे तोही मिळत नाही. संगीत नाटक अकादमीने वा विद्यापीठांनी संग्रह करावा ही मागणी योग्य आहे, पण ती पुरी व्हायला जो वेळ लागेल तोवर हजारो चित्रफिती गळून जातील. याहून जवळचा मार्ग कलाकारांच्याच हातात आहे: गाणं चढवताना खालच्या चौकटीत वादकांची, गावाची आणि बोलीची चार ओळींची नोंद, आणि गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व. नावांची नोंद तरी जळगावच्या चॅनलवाल्यांनी करून दाखवली आहे. अक्कलकुव्याच्या बँडवाल्याने हे दोन्ही केलं, तर उद्या त्याचं गाणं मुंबईच्या एखाद्या चित्रपटात उचललं गेलं तेव्हा कोर्टात दाखवायला त्याच्याजवळ तारखेसकट कागद असेल.